सकाळचे आठ, पण कुठले?

आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात आम्ही दोघेच. तेव्हा या लेखातले 'आम्ही' संपादकीय नव्हे, की जुन्या निबंधकारांचे ऐटबाजही नव्हे. ती शब्दशः दोन माणसे आहेत. हे आधीच सांगण्याचे कारण असे की पुढे एका चुकीची हकिगत येणार आहे, आणि ती चूक संगणकावर नेमकी आमच्यापैकी कोणाच्या बोटांनी टंकली गेली, हे आम्ही सांगणार नाही. मराठीत ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे 'आम्ही' आहे, त्याला आत घेणारे 'आपण' आहे. पण बोलणाऱ्यांपैकी दोषी कोण हे उघड करणारे तिसरे सर्वनाम नाही. त्या उणिवेचा आम्ही येथे फायदा घेत आहोत.

जुलै २०१९ मध्ये आमच्या एका माजी विद्यार्थ्याने विभागासाठी एक छोटी व्यवस्था उभी करून दिली. हा मुलगा विज्ञान शाखेचा, पण ऐच्छिक मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून नियमाने ऐकणारा. पुढे पुण्यात संगणकाच्या नोकरीला लागला. विभागाच्या संकेतस्थळासाठी परदेशातल्या एका सर्व्हरवर थोडी जागा भाड्याने घेतली होती, तिथेच त्याने हा प्रोग्राम ठेवला. आम्ही एका अर्जात चार गोष्टी भरायच्या: निरोप काय, कोणाला, कोणत्या तारखेला, किती वाजता. वेळ झाली की विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर तो निरोप आपोआप जायचा. परीक्षेचे अर्ज, प्रकल्पाच्या तारखा, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, सगळे त्यात. आमच्याकडची निम्मी मुले आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात आणि सूचनाफलक वाचायला थांबली तर परतीची गाडी चुकते. त्यांच्यासाठी ही सोय मोठी होती. पहिल्याच आठवड्यात आम्ही वर्गात सांगून टाकले, "आता तारखा वहीत लिहीत बसू नका. मेसेज येईल."

हे वाक्य आम्हाला नंतर पुष्कळ दिवस ऐकू येत राहिले.

फेब्रुवारी २०२० मधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी, ज्या न्यासाची शिष्यवृत्ती आमच्या काही विद्यार्थ्यांना मिळते त्यांच्याकडून कळले की यादी सोमवारी बंद होणार होती ती उद्याच होणार. मूळ कागद शनिवारी दुपारी एकपर्यंत पोचले पाहिजेत. तिघांचे कागद राहिले होते. आम्ही तो निरोप त्याच क्षणी पाठवू शकलो असतो. पण रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, खेड्यात माणसे लवकर निजतात, मुलीच्या फोनवर अवेळी काही वाजले तर घरात चौकशी होते, असा सगळा विचार करून आम्ही अर्जात तारीख भरली आणि वेळ भरली: सकाळी आठ. तिच्या गावाहून नऊची गाडी होती. साडेदहापर्यंत ती सहज पोचली असती.

निरोप तिला दुपारी दीड वाजता मिळाला. बाकीचे दोघे गावातच राहणारे, त्यांना कुठून तरी कळले आणि ते जाऊन आले. ती सोमवारी आली, तेव्हा आम्ही दोघेही विभागात होतो. आम्ही म्हणालो, "संगणकाचा काहीतरी घोळ झाला गं." ती म्हणाली, "असू द्या सर, असू द्या मॅडम." त्या वर्षीची शिष्यवृत्ती तिला मिळाली नाही. गावात खोली घेऊन राहण्याचा तिचा विचार होता, तो त्या पैशांच्या भरवशावर होता. तो तिने सोडला.

खरे म्हणजे सोमवारी तिच्याशी बोलण्याआधी, रविवारीच आम्हाला खरे कारण कळले होते. आम्ही त्या माजी विद्यार्थ्याला फोन केला होता. त्याने पुण्यात बसून सर्व्हरवरची नोंदवही उघडली आणि म्हणाला, "सर, निरोप वेळेवर गेलाय. आठ वाजून चार सेकंद." आम्ही म्हणालो, दीडला गेला. तो पुन्हा म्हणाला, आठ. मग काही क्षण फोनवर कोणी बोलले नाही, आणि नंतर तो एकदम म्हणाला, "अरे देवा. आठच वाजले होते. तिकडचे."

सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे बोली भाषेत सांगायचे तर ग्रिनिचच्या वेळेवर लावलेले होते, जसे बहुतेक सर्व्हरांचे असते. आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. आमचे 'सकाळी आठ' त्याने आपले आठ म्हणून वाचले आणि आपले आठ वाजताच इमाने पाळले. मुलाने प्रोग्राम तपासला होता तो स्वतःच्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप भारतीय वेळेवर. तिथे सगळे बरोबर चालले. याहून चमत्कारिक गोष्ट अशी की मागचे जवळजवळ आठ महिने प्रत्येक निरोप साडेपाच तास उशिरा जात होता, आणि एकाच्याही ते लक्षात आले नव्हते, आमच्याही नाही. कारण 'परवा शेवटची तारीख आहे' हे सकाळी दहाऐवजी दुपारी साडेतीनला कळले तर कोणाचे काही बिघडत नाही. चूक आठ महिने तयार उभी होती. तिला फक्त त्याच दिवशीची मुदत हवी होती.

यानंतर आम्ही त्याला म्हणालो की आता हे नुसते दुरुस्त करू नकोस, आम्हाला वाचायला शिकव. दोन रविवार तो आला. मराठीचे एम.ए. झालेल्या दोन मध्यमवयीन माणसांनी प्रोग्राम वाचायला बसणे यात थोडा विनोद आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण एक संहिता समोर ठेवून तिच्यातला एकेक शब्द कोणाला काय सांगतो हे पाहणे, एवढेच आम्हाला आयुष्यभर येत आले आहे; ते इथेही करता आले.

अशा व्यवस्थेच्या मुळाशी क्रॉन नावाचा एक जुना प्रोग्राम असतो. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो होता. पुष्कळ ठिकाणी चालणारे त्याचे रूप पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिले. तो दर मिनिटाला जागा होतो, आपल्याकडचा तक्ता वाचतो, या मिनिटाला काही करायचे आहे का ते पाहतो, असेल तर करतो, आणि पुन्हा झोपतो. तक्त्यातली एक ओळ म्हणजे एक आज्ञा, आणि तिच्या सुरुवातीला पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ज्या रकान्याबद्दल काही म्हणायचे नसेल तिथे एक तारांकन, म्हणजे 'प्रत्येक'. क्रियापदही नाही आणि कर्ताही नाही. आमच्या प्रोग्रामने क्रॉनला एवढेच सांगितले होते की दर पाच मिनिटांनी मला उठव. उठल्यावर तो आपल्या कोष्टकात पाहायचा की कोणत्या निरोपांची वेळ उलटून गेली आहे आणि जे अजून गेलेले नाहीत. तेवढे पाठवायचे, आणि प्रत्येकापुढे 'गेला' अशी खूण करायची.

या पाच रकान्यांत एक गंमत आहे, आणि व्याकरण शिकवणाऱ्याला ती सोडवत नाही. एरवी हे रकाने 'आणि'ने जोडलेले असतात: आठ वाजता, आणि शून्य मिनिटांनी, आणि जून महिन्यात. पण तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले, तर त्या दोघांतला संबंध गुपचूप 'किंवा' होतो. तेरा तारीख आणि शुक्रवार असे लिहिले तर तेरा तारखेला येणारा शुक्रवार मिळत नाही. दर तेरा तारखेला आणि दर शुक्रवारी काम होते. क्रॉनला तिथी कळत नाही हे बरेच आहे. कळत असती, तर अंगारकीची आज्ञा दिल्यावर त्याने दर मंगळवारी आणि दर संकष्टीला मोदक करायला लावले असते.

क्रॉन पुन्हापुन्हा होणाऱ्या गोष्टींसाठी. एकदाच व्हायच्या गोष्टीसाठी 'ॲट' नावाची वेगळी आज्ञा आहे, आणि तिला आकड्यांखेरीज काही शब्दही कळतात: मध्यरात्र, मध्यान्ह, आणि टीटाइम. टीटाइम म्हणजे दुपारचे चार. आमच्या घरी चहाची वेळ म्हटली की सकाळचे साडेसहाही असू शकतात आणि संध्याकाळी कोणी आले की तेव्हाचीही. कोणीतरी आपल्या घरातला चहा यंत्रात घालून ठेवला आहे आणि तो जगभर चार वाजताच उकळतो. आमच्या 'सकाळी आठ'चेही याहून वेगळे काय झाले होते? आपल्या ओसरीवरची वेळ हीच वेळ, असे आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या रविवारी आम्ही त्याला विचारले की मग हा दोष काढणे सोपे आहे. सगळ्या वेळांतून साडेपाच तास वजा करून ठेवले की झाले. तो म्हणाला, होऊन गेलेल्या गोष्टीसाठी तसे चालते. निरोप गेला तो क्षण यूटीसीत लिहून ठेवला की तो क्षण पुन्हा हलत नाही. पण अजून व्हायचे आहे त्याची गोष्ट वेगळी. 'अमुक तारखेला सकाळी आठ' असे माणूस म्हणतो, तेव्हा त्याने एखादा क्षण निवडलेला नसतो. त्या दिवशी त्याच्या गावातले घड्याळ जेव्हा आठ दाखवील तेव्हा, असे त्याला म्हणायचे असते. आणि ते घड्याळ दरम्यान कोणी बदलले तर? म्हणून नोंद ठेवायची ती माणूस बोलला तशीच: तारीख, आठ, आणि गावाचे नाव. क्षण काढायचा तो वेळ जवळ आल्यावर.

तेव्हा हे आम्हाला थोडे कीस काढल्यासारखे वाटले. भारताचे घड्याळ कोण बदलायला बसले आहे? पण मग आठवले की बदलले आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, आणि तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेला 'बॉम्बे टाइम' मुंबईत त्यानंतरही, थेट १९५५ पर्यंत, टिकून राहिला. दुसऱ्या महायुद्धात घड्याळे एक तास पुढे नेली होती, तीही नंतर मागे आली. परदेशांत तर हे अजून चालू आहे. सामोआने २०११ साली आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली आणि तिथे गुरुवार, २९ डिसेंबरनंतर एकदम शनिवार, ३१ डिसेंबर उजाडला. ३० तारखेच्या शुक्रवारी काही करायचे योजलेले असेल तर तो शुक्रवार आलाच नाही. आणि मार्च २०२३ मध्ये लेबनॉनमध्ये उन्हाळ्याची वेळ लागू व्हायला दोन-तीन दिवस उरले असताना सरकारने ती महिनाभर पुढे ढकलली. मॅरोनाइट चर्चने आणि काही वाहिन्यांनी ते मानले नाही. देशात काही दिवस दोन वेळा चालल्या, आणि शेवटी सरकारने निर्णय फिरवला. ज्यांनी आधीच तास वजा करून क्षण लिहून ठेवले असतील, त्यांच्या सकाळच्या आठचे त्या आठवड्यात काय झाले असेल, याची आम्ही आता सहानुभूतीने कल्पना करतो.

हे सगळे फेरफार एका मोठ्या कोष्टकात लिहून ठेवलेले असतात. जगातल्या प्रत्येक प्रदेशाने केव्हा घड्याळ किती हलवले, याची नोंद स्वयंसेवक १९८० च्या दशकापासून ठेवत आले आहेत, आणि आपले मोबाइल, सर्व्हर, सगळे तीच वापरतात. आपली नोंद 'एशिया/कोलकाता' या नावाने आहे. आधी ती 'एशिया/कलकत्ता' होती. २०११ मध्ये ज्योतिषाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने या कोष्टकावर दावा लावला, की जुन्या वेळांची माहिती आमच्या ग्रंथातून घेतली आहे; दुसऱ्या वर्षी दिलगिरी व्यक्त करून तो मागे घेतला. पत्रिका मांडणाऱ्याला जन्मगावची त्या दिवशीची खरी वेळ लागते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको.

आणि पंचांगाकडे वळलोच आहोत तर आणखी थोडे. उन्हाळ्याची वेळ पाळणाऱ्या देशांत वर्षातून एका रात्री एक तास दोनदा येतो आणि दुसऱ्या एका रात्री एक तास येतच नाही. त्या तासात नेमून दिलेले काम एकदा करायचे, दोनदा करायचे की सोडून द्यायचे, यावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी पुष्कळ डोके खाजवले आहे. आम्ही त्या मुलाला म्हणालो, अरे, ही तर वृद्धितिथी आणि क्षयतिथी. दोन सूर्योदय पाहणारी तिथी आणि एकही न पाहणारी तिथी, आणि अशा वेळी व्रत कोणत्या दिवशी धरायचे, याच्या निर्णयांनी आपल्याकडचे ग्रंथच्या ग्रंथ भरलेले आहेत. कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ चा. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' अठराव्या शतकाच्या अखेरचा. त्यांचा मोठा भाग भविष्यातल्या गोष्टी केव्हा घडवून आणायच्या यासंबंधीचे नियम आणि त्या नियमांचे अपवाद, असाच आहे. कॅलेंडरवर स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी लागोपाठच्या चौकोनांत छापलेली दिसते, ती एकाच नोंदीची दोन नियमांनी काढलेली दोन उत्तरे.

मुलगा हसला आणि म्हणाला, मग याचे उत्तर सांगा: त्या वेळी सर्व्हर बंदच असेल तर? क्रॉनला मागची आठवण नसते. ते मिनिट गेले की गेले. त्यासाठी ॲनाक्रॉन म्हणून दुसरा प्रोग्राम आहे, सदा चालू नसणाऱ्या यंत्रांसाठी. यंत्र सुरू झाल्यावर तो राहिलेली कामे शोधून उरकतो. आमच्यापैकी एकाने लगेच म्हटले, सर्वपित्री अमावास्या. ज्याची तिथी चुकली, ज्याची ठाऊकच नाही, त्याचेही त्या दिवशी होऊन जाते. हे आम्ही हसत बोललो खरे, पण बोलताबोलता दोघांच्याही मनात तीच गोष्ट आली असावी, कारण पुढे काही वेळ कोणी बोलले नाही. शिष्यवृत्तीच्या यादीला तसला दिवस नसतो.

आणखी एका गोष्टीवर आम्ही त्या दिवशी अडलो. निरोप पाठवल्यावर 'गेला' अशी खूण करायची, असे वर म्हटले. पण खूण पाठवण्याआधी करायची की नंतर? आधी केली आणि मध्येच वीज गेली, तर कोष्टकात 'गेला' असे राहते आणि निरोप कोणालाच मिळत नाही. नंतर केली आणि मध्येच वीज गेली, तर सर्व्हर पुन्हा उठल्यावर तोच निरोप दुसऱ्यांदा जातो. दोन्ही टाळण्याची पक्की युक्ती आहे का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, इथे नाही, एक निवडावे लागते. आमच्या प्रोग्रामने आधीची निवडली होती, कारण एकच मेसेज दोनदा आला की लोक वैतागतात. आम्ही ती बदलायला सांगितली. आता कधीकधी एकच निरोप दोनदा जातो, मुले वर्गात हसतात, आणि एका पालकांनी तक्रारही केली आहे.

भाषेच्या बाजूनेही आम्हाला त्या दोन रविवारांनी थोडे अस्वस्थ केले. आपण शिकवतो तेव्हा भविष्यकाळाला ईल-एल प्रत्यय लावून मोकळे होतो; पण मराठी माणूस प्रत्यक्षात भविष्य असे बोलतच नाही. 'उद्या नगरला जातो' म्हणतो, तो वर्तमानकाळ. 'थांबा, निघालोच' म्हणतो, तो तर चक्क भूतकाळ, आणि बोलणारा अजून आंघोळीला जायचा असतो. 'परवा' हा शब्द मागचाही आणि पुढचाही. कोणता ते क्रियापद आल्यावर कळते. हे सगळे आपण एकमेकांत चालवून नेतो, कारण ऐकणारा आपल्याच गावात, आपल्याच घड्याळाखाली बसलेला असतो. आमचा ऐकणारा तसा नव्हता. त्याला आम्ही एक आकडा दिला आणि बाकीचे तो समजून घेईल असे धरले. मग तो समजला नाही म्हणून दोष त्याच्यावर टाकला, तोही एका मुलीसमोर, खरे कारण ठाऊक असताना.

तो दुसरा रविवार मार्चच्या सुरुवातीचा होता. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत महाविद्यालये बंद झाली आणि कोष्टकात भरून ठेवलेल्या कितीतरी तारखा, परीक्षांच्या, संमेलनाच्या, सहलीच्या, एकेक करून आम्हाला हाताने खोडाव्या लागल्या. एक राहून गेली. एप्रिलमध्ये एका सकाळी बरोबर आठ वाजता, आपल्या आठ वाजता, सगळ्या मुलांना निरोप गेला की आज निरोपसमारंभ आहे, वेळेवर यावे.

त्यावर तिने उत्तर पाठवले: "मॅडम, खरंच आहे का? सर, एसटी बंद आहे." आम्ही तिला फोन केला, आणि फेब्रुवारीतले जे सांगायचे राहिले होते ते त्या वेळी सांगितले, संगणकाचे घड्याळ बरोबर होते, आम्ही त्याला कुठले आठ ते सांगितले नव्हते, आणि हे आम्हाला तू आलीस त्याच्या आदल्या दिवशीच कळले होते. ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "म्हणजे ते आधीपासूनच उशिरा येत होते का?" आम्ही हो म्हणालो. ती म्हणाली, तिला तसे एकदोनदा वाटले होते; 'शुभ सकाळ' असे लिहिलेला मेसेज तिला नेहमी दुपारच्या जेवणानंतर यायचा. विचारावे असे मनात आले होते, पण सरांनी आणि मॅडमनी पाठवले आहे म्हटल्यावर तसेच असेल, असे वाटले.

कोष्टक अजून चालू आहे. अर्जात आता गावाचे नाव भरावे लागते, आणि नवा प्राध्यापक आला की तो विचारतो, हे कशाला? मुलगा म्हणतो की जुन्या ३२-बिटी यंत्रांत सेकंद मोजणारा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरून जाईल, आपल्याकडे तेव्हा सकाळचे आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे झालेली असतील. आमचा सर्व्हर त्यातला नाही, काळजी नको. वर्गात मात्र आम्ही तारखा फळ्यावर लिहितो, आणि सगळ्यांनी वहीत उतरवून घेईपर्यंत पुसत नाही.